मोठ्या आवाजाचा ॲम्प्लिफायर

सायलीनं पहिली ओळ म्हटली आणि तिच्यामागच्या ॲम्प्लिफायरनं अशी शिट्टी मारली, की बायकांनी कानांवर हात ठेवले.

सायली माझी नात. गिटार वाजवून गाते. सोसायटीच्या हळदीकुंकवात ती प्रथमच चारचौघांत गात होती. ॲम्प्लिफायर दुकानातून पसंतीवर आणलेला, नाही आवडला तर परत करायचा. वाण घेताना बायका गप्प बसत नाहीत, म्हणून तिनं मुद्दाम सगळ्यात मोठ्या आवाजाचा निवडला होता.

“आजी, मी परत कधी गाणार नाही,” ती रडवेली होऊन म्हणाली.

“नको गाऊस. पण हे गाणं पुरं कर. आणि ॲम्प्लिफायरचा आवाज उतरव.”

“मागे ऐकू जाणार नाही.”

“मागच्या ऐकतायत कुठे? त्या वाणातले डबे बघतायत.”

तिनं आवाज उतरवला. शिट्टी थांबली. मग तारेवरून सरकलेलं बोट ऐकू आलं, ओळीआधी तिनं घेतलेला श्वासही. दुकानात आपण वस्तू किती ओरडते तेवढंच बघतो. बारीक आवाज कसा येतो, हे कुणी विचारत नाही.

मागच्या बायका बोलतच राहिल्या. सायलीनं गाणं पुरं केलं. ते शेवटपर्यंत ऐकलं पहिल्या सतरंजीवरच्या आम्ही काही म्हाताऱ्यांनी.