एक काउंट उशिरा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तो व्हिडिओ तुम्ही बहुतेक बघितला असेल — डान्स शोची फायनल, जजच्या खुर्चीतून उठून स्टेजवर गेलेला मी, आणि समोर हात जोडून उभे असलेले माझे वडील. बघून रडलाही असाल. पुष्कळ लोक रडले. अजूनही मॉलमध्ये कुणीतरी थांबवतं आणि म्हणतं, सर, तुमचं मन फार मोठं.

मी थँक्यू म्हणतो. दुसरं काय म्हणणार?

आधी आबांबद्दल सांगतो. आबा म्हणजे माझे वडील. गाव साताऱ्याकडचं, घर कोपरखैरण्यात, काम तुर्भ्याच्या मार्केटात माथाडीचं. आमच्या आळीत पोरगा नाचतो म्हटल्यावर लोक हसायचे. आबा नाही हसले. माझे पहिले घुंगरू त्यांनी स्वतः शिवले — पोती शिवायच्या दाभणाने, जाड कापडाच्या पट्टीवर, बोटाला टोचून घेत, कुरकुरत. शाळेच्या गॅदरिंगला पुढच्या रांगेत बसून ते भलत्याच ठिकाणी टाळ्या वाजवायचे. मला तेव्हा लाज वाटायची. लाज कशाची वाटावी हे मला कधीच नीट कळलं नाही.

जज झालो तेव्हा मी कोण होतो? वर्षानुवर्षं हिरोच्या मागे तिसऱ्या ओळीत नाचलेला, मग गाणी बसवायला लागलेला एक कोरिओग्राफर. शेजारच्या खुर्चीत हिरॉइन. कॅमेरा तिच्यावरून हलायचा नाही. क्रिएटिव्ह टीममधली एक मुलगी येऊन म्हणाली, सर, घरून विरोध झाला असेल ना? काहीतरी द्या. मी दिलं. शूटिंग सुरू असताना सांगितलं, की नाचतो म्हणून वडिलांनी माझे घुंगरू वाशीच्या पुलावरून खाडीत फेकले. सांगताना डोळे भरून आले — खरंच भरून आले, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त किळस येते.

तो एपिसोड बघायला आबांनी शेजाऱ्यांना घरी बोलावलं होतं. पेढे आणून ठेवले होते. त्या पेढ्यांचं पुढे काय झालं, मी विचारलं नाही. फोनवर मी चाचरत काहीतरी सुरू केलं, तर तेच म्हणाले, "टीव्हीत तसं सांगाया लागत आसंल." मी हो म्हणालो. बरं वाटलं मला. सुटल्यासारखं.

मी सुटलो, ते अडकले. सोसायटीच्या गणपतीत पोरांचे डान्स बसायचे, तेव्हा आबा बाजूला बसून टाळ्यांनी ठेका धरायचे. त्या वर्षी कुणाच्या तरी आईने त्यांना सांगितलं, काका, तुम्ही राहू द्या. मार्केटातला जुना जोडीदार चारचौघांत म्हणाला, लेकाच्या पोटावर पाय द्यायला निघाला होतास. आबांनी खुलासा केला नाही. चुकलं माझं, एवढंच म्हणाले. हे मला आईने सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे बघितलं नाही.

तेव्हा तरी तोंड उघडायला काय झालं होतं मला? एक वाक्य पुरलं असतं. पण आता कॅमेरा माझ्यावर थांबायला लागला होता. आणि चॅनेलवाल्यांना फायनलसाठी एक कल्पना सुचली होती — वडिलांना स्टेजवर आणायचं, माफी मागायला लावायची. नाही म्हणायचं सोडून मी घरी गेलो आणि आबांना विचारलं. ते म्हणाले, "तुज्या कामाचं हाय म्हंतोस, तर येतो की."

लोकांना वाटतं ते सगळं आपसूक घडलं. आपसूक काहीच घडलं नाही — ते मी बसवलं होतं. कोपरखैरण्याच्या घरी, बाहेरच्या खोलीत टीपॉय बाजूला सारून. कुठल्या शब्दावर थांबायचं, कुठल्या शब्दावर हात जोडायचे. मग पाच, सहा, सात, आणि आठला वाकायचं माझ्या पायांशी, की मी मध्येच खांदे धरून उठवणार. आबा मन लावून शिकले. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. प्रॅक्टिसमध्ये दर वेळी मी त्यांना वेळेवर धरलं.

स्टेजवर धरलं नाही.

आठ झाले. ते वाकले. आणि मी थांबलो. विसरलो नव्हतो, गोंधळलोही नव्हतो. माझं आयुष्य काउंटवर गेलंय, माझा काउंट चुकत नाही. समोरचा कॅमेरा खाली येताना मला दिसला होता. शॉट पुरा मिळावा म्हणून मी एक काउंट जाऊ दिला. आबांची बोटं माझ्या बुटाला लागली. मग मी त्यांना उठवलं, मिठी मारली, आणि माइकवर म्हणालो, आबा, मी तुम्हाला माफ केलं.

संध्याकाळी त्यांना मीच गाडीने घरी सोडलं. वाशीच्या पुलावर आबा काचेतून खाडीकडे बघत होते. मला वाटलं, आता बोलतील. बोलले ते हे —

"आठाच्या आदीच वाकलो वाटतं मी. माजाच काउंट चुकला न्हवं?"

मी म्हणालो, "हो आबा. पण चालून गेलं."