हात् रं, सांगाड्या!

आयर्लंडात येऊन मी चौघांवर हात टाकला. त्यातला जिवंत एकच होता.

तिघांबद्दल मला काडीचंही वाईट वाटत नाही. चौथ्याबद्दलही फारसं नाही, पण ते मी सुनेसमोर बोलत नाही.

माझं शिक्षण सातवीपर्यंत, तेही मास्तरांच्या दयेनं. बायको सुमन गेली आणि मुलगा संदीप मला साताऱ्याकडच्या गावातून उचलून इथं डून लेरीला घेऊन आला. संदीप कॉम्प्युटरवाला, सून रश्मी डॉक्टर. सकाळी दोघं निघून जातात. मग मी, चार भिंती आणि खिडकीतून दिसणारा समुद्र. (समुद्राशी तरी किती बोलणार? त्यालाही मराठी येत नाही!) अख्ख्या दिवसात माझं म्हणून एकच काम. तेव्हा चार वर्षांच्या असलेल्या नातीला, रेवाला, चालत शाळेत सोडायचं आणि परत आणायचं. तेवढ्यासाठी मी रोज दाढी करायचो.

ही सोळा सालची गोष्ट. इथली माणसं ऑक्टोबर आला की घरासमोर भुतं मांडतात. हौसेनं! आमच्याकडं भूत घालवायला माणूस बोलावतात, इथं भूत दुकानातून पिशवीत घालून आणतात. कोपऱ्यावरच्या नोराबाईंनी तर फाटकाशी माणसाएवढा सांगाडा उभा केला होता. आम्ही जवळ गेलो, तर त्याचे डोळे लाल झाले आणि तो खदाखदा हसला. रेवा माझ्या पायाला अशी चिकटली की माझी पँट निम्मी खाली!

"आबा, नो! आय ॲम नॉट गोइंग!"

"अगं, प्लास्टिक हाय ते."

"ही इज लाफिंग ॲट मी!"

आता हे खरं होतं. हसत तर होता मेला!

संदीप लहानपणी उंबऱ्याला अडखळून पडला की सुमन पोराच्या आधी उंबऱ्याला हात घालायची. थाडथाड बडवायची त्याला. "हात् रं! माझ्या संदीपला लावतोस व्हय?" पोरगं रडायचं विसरून बघत बसायचं. हल्लीच्या शिकलेल्या आया काय करतात मला ठाऊक नाही. मला एवढंच ठाऊक. मी छत्री रेवाच्या हातात दिली आणि सांगाड्याच्या थोबाडीत ठेवून दिली.

"हात् रं! माझ्या रेवाला भ्या दाखवतोस व्हय?"

जबडा उडून नोराबाईंच्या कुंडीत पडला. बिनजबड्याचा तो हसतच राहिला! पण रेवा त्याच्याहून जोरात हसली.

नोराबाई गाऊनवर बाहेर आल्या. माझ्याच वयाच्या असतील. मी माझं सगळं इंग्रजी गोळा केलं. "बेबी... भ्या! ही... बॅड!" आणि पुढचं हातानं करून दाखवलं. बाईंनी रेवाकडं बघितलं, सांगाड्याकडं बघितलं, आणि त्याच्या उरलेल्या थोबाडावर आपणही एक दिली.

"ग्रँड!" म्हणाल्या. (इथं सगळं ग्रँडच असतं. पाऊससुद्धा.)

तिथं थांबायला हवं होतं. पण रेवाला चव लागली होती!

"आबा, हर टू!" पुढच्या घरापाशी झाडूवरची चेटकीण. दिली एक. तिची टोपी उडाली.

"आबा, दॅट हँड!" त्याच्या पुढच्या घरासमोर हिरवळीतून प्रेताचा हात वर आला होता. त्याला थोबाड नसल्यानं त्याच्यावर पाय दिला. कटकन बोट मोडलं.

संध्याकाळी संदीपनं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. आमच्या रस्त्यावरच्या लोकांचा ग्रुप आहे म्हणे. त्यात माझा फोटो. पांढरी टोपी, उचललेला पाय.

"आबा, हे काय आहे?"

"पाय हाय."

"ज्याच्या हिरवळीतला तो हात होता, तो हातवाला माणूस विचारतोय, हा म्हातारा कोण?"

"सांग की मग, माझा बाप हाय!"

रश्मी हसू दाबत फ्रिजमध्ये तोंड घालून उभी राहिली. संदीप मात्र हसला नाही. "आबा, आणखी एकदा असं झालं तर रेवाला न्यायला-आणायला मी बाई ठेवणार. सीरियसली सांगतोय. मागच्या रस्त्यानं जा ना, उगाच पंगा कशाला?"

बाई ठेवली तर मी सकाळी उठू कशाला?

"मागच्या रस्त्यानं मी न्हाई जायचा," मी म्हणालो. "आज सांगाड्याला वळसा घातला, तर उद्या पोरगी जित्या माणसांना वळसा घालत बसंल."

शेवटी ठरलं, रस्ता तोच, पण माझे हात खिशात.

आणि राहिले की! हॅलोवीनच्या संध्याकाळी रेवा मांजर होऊन दारोदार खाऊ मागायला निघाली. आम्ही तिघं मागं. मी दोन्ही हात खिशात घालून, पाकीट मारलं गेल्यासारखा. शेवटी हातवाल्याचं घर आलं. दारात आरामखुर्ची, खुर्चीत एक मढं, मढ्याच्या मांडीवर गोळ्यांचं भांडं. रेवाचे पाय थांबले. तिनं माझ्याकडं बघितलं.

"आबा, नाही हां!" संदीप. "रेवा, खोटा आहे गं तो. जा, घे."

बापावर विश्वास ठेवून ती गेली. तिनं भांड्यात हात घातला आणि मढं उठून डरकाळलं!

रेवा किंचाळत माझ्या पायाशी. माझा हात खिशातून कधी निघाला, ते खिशालाही कळलं नाही.

"जीझस!" मढं म्हणालं.

मढ्यानं मुखवटा काढला. आत खुद्द हातवाला! गाल लालभडक. संदीप "सॉरी, सो सॉरी, माय फादर" असा अखंड सुरू झाला. रश्मी डॉक्टर पडली, ती गाल तपासायला लागली. मी ताठ उभा. मी का म्हणून सॉरी? पण आतून म्हणालो, संपलं. आली आता बाई.

तेवढ्यात रेवानं माझा पाय सोडला. तरातरा पुढं गेली आणि त्या माणसाच्या गुडघ्यावर फाडकन मारून म्हणाली, "हात् रं! माझ्या आबांना भ्या दाखवतोस व्हय?"

स्वप्नातसुद्धा इंग्रजीत भांडणारी पोर! आणि सूर सुमनचा. अगदी तोच, 'व्हय'वर चढणारा. तिनं आजीला फक्त मोबाइलवर बघितलेलं.

हातवाला गुडघा चोळत हसायला लागला आणि अख्खं भांडं तिच्या पिशवीत ओतून मोकळा झाला. संदीप अंधाराकडं तोंड करून उभा होता. मग नाक ओढत म्हणाला, "आबा, सुट्टी संपली की सोमवारी तिला वेळेत सोडा. उशीर करू नका."

त्याला आता बराच काळ लोटला. रेवा कशालाच भीत नाही. भितात ती बाकीची पोरं, आणि ती मला! समोरून मी दिसलो की हातवाल्याची धाकटी लेक आईच्या कोटात शिरते. इथल्या बाकीच्या भुतांना हॅलोवीन झालं की खोक्यात भरून माळ्यावर टाकतात, मी मात्र बाराही महिने बाहेर. मला खोक्यात भरायला अजून कुणी आलेलं नाही. आला, तर तोही खाईल एक!