अक्काचा कडू चहा

माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा राग आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. ती शाळेचे गणवेश शिवते. शर्टाचं माप देताना पोट आत ओढणाऱ्या हेडमास्तरांनाही तिने सोडलं नव्हतं. गुडघ्याजवळच्या हाडात गाठ निघाली, तेव्हाही ती रडली नाही, भडकली. डॉक्टरांनी गाठीसकट हाड काढून धातूचा सांधा बसवला आणि वर्षभरात ती पुन्हा मशीनचं पायडल मारू लागली.

मग गुडघा सुजला, जुन्या टाक्यांतून पू यायला लागला. भावोजी औषधाच्या दुकानात काउंटरवर असतात, अर्ध्या हळकुंडाने पिवळे झालेले. ताप आला की ते जंतू मारायच्या गोळ्या आणत, जखम सुकायची, पुन्हा वाहायची. शेवटी मीच तिला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, जंतू धातूला चिकटून बसलाय. तो कोणता ते कळलं, तर सांधा काढून त्या जागी नेमकं औषध कालवलेलं हाडांचं सिमेंट भरता येईल आणि पाय वाचेल. त्यासाठी दोन आठवडे एकही गोळी नको, नाहीतर गुडघ्यातून काढलेल्या पाण्यात जंतू सापडणारच नाही.

अक्काने दातओठ खाऊन ताप सोसला. तपासणीत काहीच निघालं नाही. पुन्हा दोन आठवडे गोळ्यांशिवाय थांबायचं ठरलं. चहा कडू लागतो म्हणून ती कुरकुरायची. तापाने तोंड कडू झालं असेल, असं भावोजी म्हणायचे.

एका दुपारी मी स्वयंपाकघरात गेले, तर भावोजी तिच्या चहासाठी वाटीत गोळी कुटत होते. माझ्या अंगाची लाही लाही झाली. तिची तडफड बघवत नाही, असं म्हणत ते रडायला लागले. त्यांनी उलट्या बोंबा मारल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं. या माणसाचं तिच्यावर खरंच प्रेम आहे, आणि मला त्याचाच जास्त संताप येतो.

मी अक्काला सांगितलं. ती ओरडली नाही.

"ताप माझा होता," ती त्यांना म्हणाली. "तुम्हाला बघवत नव्हतं, तर दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचं."

पुढच्या तपासणीत जंतू सापडला, पण तोवर पू मांडीत चढला होता. पाय कापावा लागला.

भावोजींनी मशीनला मोटर बसवून दिली. ती तिने वापरायला घेतली, मशीनचा काय दोष. पण चहा ती कुणाच्या हातचा घेत नाही. कुबड्या काखेत धरून ओट्याशी एका पायावर उभी राहते आणि आपल्यापुरता एक कप करते. भावोजी दारात उभे असतात.