कानाने भाजलेला बांगडा

वर्कशॉपमध्ये बाबांना सगळे ‘डॉक्टर’ म्हणायचे. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि सांगायचं, “तिसरं बेअरिंग खोकतंय.” उघडून बघावं तर तिसरंच! चाळीस वर्षं कानांनी साथ दिली, दगा दिला तो डोळ्यांनी. आता त्यांना उजेड तेवढा कळायचा. माणसं म्हणजे नुसत्या हलत्या सावल्या.

रविवारी दुपारी धाकटी लेक आली ती मोठी बॅग घेऊनच. दादाशी फोनवर सगळं ठरलं होतं. एकट्या राहणाऱ्या बाबांना तिच्या घरी न्यायचं आणि इथला गॅस आजच्या आज बंद.

“बॅग रिकामी आणलीस,” बाबा खुर्चीतूनच म्हणाले. “टेकवलीस तेव्हा ढोलासारखी वाजली.”

“बाबा, मागच्या महिन्यात हात पोळला तुमचा.”

“दादाने तवा इकडचा तिकडे ठेवला म्हणून! तो आवरायला गेला आणि मी भाजलो.”

“उद्या आणखी काही झालं तर?”

“बरं. आज जेवण मी करतो. तू स्टुलावर बसायचं, बोट लावायचं नाही. जळलं, सांडलं, पोळलं, तर बॅग मीच भरेन. हूं की चूं करणार नाही.”

फार तर अंडी उकडतील, असं धाकटीला वाटलं. बाबांनी फ्रिजमधून दोन बांगडे काढले.

“मासे? अहो, काहीतरीच काय!”

“जपानी पद्धतीचे. मशीन बसवायला एक जपानी मिस्त्री आला होता. त्याला माझी भाषा येईना, मला त्याची. तीन महिने एका शेगडीवर जेवलो, भांडण एकदाही नाही.”

डाव्या हाताचं नख पुढे, सुरी त्याच्या मागे. असं करत बांगड्यांवर तिरक्या चिरा पडल्या. मग दोन्ही बाजूंनी मीठ.

“आता वीस मिनिटं हात बांधून बसायचं. मीठ पाणी बाहेर काढतं. ते पुसलं, की माशाला वशाट वास राहत नाही.”

हात बांधून कसले बसतात! तेवढ्यात भात चढला, मुळा किसून झाला. भाताची बुडबुड थांबून बारीक तडतड लागली, तसा गॅस बंद. घड्याळाकडे कोण बघतंय?

बांगडा पुसून तव्यावर पडला. चर्रर्र! धाकटी स्टुलावरच पुढे सरकली. धूर वर यायला लागला आणि सवयीने तिचा हात गेला एक्झॉस्ट फॅनच्या बटणाकडे.

घर्रर्र!

बाबांचा उलथनं धरलेला हात हवेतच थिजला. इतका वेळ विसरायला झालं होतं, पण आता ते खरोखर आंधळे दिसले.

“बंद कर! बंद कर ते! डोळे काढलेस माझे!”

धाकटीने झटकन बटण दाबलं. पाती फिरत फिरत थांबली. बाबांनी मान तिरकी केली, अगदी इंजिनावर वाकायचे तशीच.

“ऐक. आधी आवाज ओला होता. आता कोरडा झालाय, कागद चुरगळल्यासारखा. कातडी सुटली.”

एकदाच उलथनं आत गेलं. बांगडा अख्खा उलटला. सोनेरी, कुरकुरीत, एक कणही तव्याला चिकटला नाही. धाकटी स्टुलावरून कधी उठली, तिचं तिलाच कळलं नाही.

शेजारच्या भांड्यात गाजर शिजत होतं. बाबांनी गॅस बारीक करून त्यात सोयाबीनची आंबवलेली पेस्ट कालवली. “ही घातल्यावर उकळायचं नाही. भांडं कुजबुजतंय तोवर ठीक. गलका झाला, की चव गेली.”

ताटात वाफाळता भात, वाटीत सूप, बांगड्याशेजारी मुळ्याचा कीस आणि त्यावर सोया सॉसचे चार थेंब. धाकटीने पहिला घास घेतला आणि चावायचीच थांबली. लहानपणापासून ती ज्या बाबांना ओळखत होती, ते हेच का?

“खारट झालं?” बाबांचा आवाज जरा हलला.

“नाही हो. जेवू द्या ना मला.”

बाबा हसले आणि त्यांनी दुसरा बांगडा तव्यावर सोडला. इतक्यात फोन वाजला. दादाच होता.

“भरली का बॅग?”

“रिकामीच परत नेतेय. बाबा इथेच राहणार. आणि हे बघ, यापुढे त्यांच्या ओट्यावरचा चमचासुद्धा हलवायचा नाही.”

“अगं, पण...”

“श्श! नंतर बोलू. बांगडा तव्यावर आहे.”