राखेचा छापा

कॅमेरा पाटावर ठेवला होता. पाट छात्रालयाच्या अंगणात, भर उन्हात. समोर मालगुजारांचे दिवाणजी उकिडवे बसले होते. एका हातात गोमूत्राची वाटी, दुसऱ्या हातात आंब्याचं पान. पान बुडवायचं, कॅमेऱ्यावर झटकायचं. सुट्टीहून परतलेली मुलं भोवती जमली होती.

मी दहा पावलं दूर, कडुनिंबाखाली. तिथंच उभं राहायला सांगितलं होतं.

"किती वेळ हात लावला रे याले?" दिवाणजींनी माझ्याकडे न पाहता विचारलं.

"पुसण्यापुरता."

"अन् आतून?"

"आतून नाही लावला."

"आतून कायले सोडशीन तू? तिथं कोन होता पाहाले?" ते मालगुजारांच्या मुलाकडे, धाकट्या मालकांकडे वळले. "उघडा मालक. आतून बी शुद्ध करून टाकू."

मी एकदम बोललो. इतक्या मोठ्यानं मी त्या अंगणात कधी बोललो नव्हतो.

"उघडू नका मालक. माझा बाप आहे त्यात."

मुलं हसली. एका व्यापाऱ्याचा मुलगा म्हणाला, "अरे, इसका बाप डिब्बे में बैठा है!" मग जे हसले नव्हते तेही हसले.

हे मी सावकाश लिहितो आहे. एका दिवसात चार ओळींच्या पुढे जात नाही. बापाबद्दल लिहायचं म्हटलं की हात थांबतो.

माझा बाप आमच्या गावचा कोतवाल. गाव नवेगाव बांधाच्या पलीकडे, जंगलाच्या काठाला. आम्ही महार. कोतवाली आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या. धान झोडून खळ्यावर रास पडली की गावचे जमीनदार, म्हणजे मालगुजार, तिच्यावर राखेचा छापा मारायचे. हातभर लाकडी फळी, तिच्यात कोरलेली नक्षी. ओल्या राखेत बुडवून ती राशीवर सगळीकडून उठवायची. मूठभर धान कोणी उचललं तरी नक्षी मोडते, चोरी कळते. मग बापानं काठी घेऊन त्या राशीशेजारी थंडीत बसायचं. पाखरू हाकलायचं, उंदीर हाकलायचा. राशीला हात लावायचा नाही. छाप्याची राख मात्र बापानंच चाळून द्यायची.

लहानपणी मी विचारलं होतं, "बा, राखतोस तू, मंग छापा कोनासाठी मारते?"

बाप म्हणाला, "माह्यासाठीच मारते बाबू."

तो हसून बोलला होता. मीही हसलो होतो.

मी शाळेत हुशार निघालो. सरकारी शिष्यवृत्ती मिळाली आणि गोंदियाच्या हायस्कुलात आलो. छात्रालयात मला जागा कोण देणार? ती मालगुजारांच्या शब्दानं मिळाली. त्यांचा धाकटा मुलगा माझ्याच वर्गात होता, चार नंबरच्या खोलीत राहत होता. त्याच्याकडे विलायती कॅमेरा होता. पुढची काच ओढली की लोहाराच्या भात्यासारखी घडी उलगडायची. सोबत तीन पायांचा स्टँड, मखमलीच्या डबीत जादा काचा, फिल्मचे डबे. गावात अशी वस्तू कोणी पाहिली नव्हती. कॅमेऱ्याची किंमत दिवाणजी बैलजोड्यांत सांगत, आणि दर वेळी एक जोडी वाढवत.

सुपरिंटेंडंट मास्तरांनी मला पहिल्या दिवशी नियम सांगितले. "छपरीत झोपायचं. चार नंबरच्या दारासमोर. खोलीत पाय ठेवायचा नाही. पेटीवर नजर ठेवायची. कोतवालाचा मुलगा आहेस, शिकवायला नको."

खोलीची किल्ली माझ्याकडे, पेटीची मालकाकडे. तो बाहेर गेला की मी दिवसातून तीनदा दार उघडायचं, उंबऱ्यातून खाटेखालची पेटी पाहायची, दार लावायचं. जेवण वेगळं, पाण्याचा माठ वेगळा. दोन वर्षं मी त्या छपरीत पुस्तकं वाचली. माझ्याशी कोणी भांडलंही नाही. भांडायलासुद्धा माणूस लागतो.

दसऱ्याच्या सुमारास बाप छोट्या रेल्वेनं मला भेटायला आला. फडक्यात मोहाचे लाडू. कमरेला कोतवालीचा पट्टा, हातात काठी. धाकटा मालक अंगणात कॅमेरा लावून बसला होता. फोटो काढण्याजोगं काही सापडत नव्हतं.

"ए कोतवाल, तिकडं झाडाखाली उभा राय."

बाप उभा राहिला. मालकासमोर उभा राहायचा तसा. मान खाली.

"खाली काऊन पाहून राहिला? इकडं पाह्य. काचेत पाह्य."

बापानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग त्यानं डोळे वर केले आणि सरळ काचेत पाहिलं. कोणत्याही मालकाच्या दिशेनं असं सरळ पाहताना मी त्याला त्याआधी पाहिलं नव्हतं. त्यानंतरही नाही.

"फिलम भरली की नागपूरले पाठवीन," मालक मला म्हणाला. "छापून आली की एक तुले देईन."

त्या फिल्मवर आठ चित्रं निघत. बाप पाचवा होता. पुढची तीन भरायची राहिली.

धान कापणीच्या दिवसांत बाप तापानं गेला. खळ्यावरच पडला होता म्हणतात. निरोप पोचून मी गावी गेलो तेव्हा माती देऊन दोन दिवस झाले होते. आईनं मला त्याचं पागोटं दिलं. मी ते घेऊन छपरीत परत आलो.

तेव्हापासून मी पेटीकडे वेगळ्या नजरेनं पाहू लागलो. दिवसातून तीनदा सांगितलं होतं. मी दहादा दार उघडायचो. खाटेखाली अंधारात पेटी. पेटीत कॅमेरा. त्याच्या आत आणखी अंधार, आणि तिथं माझा बाप, डोळे वर केलेला. धाकट्या मालकाला वाटायचं, हा पोट्टा इमानदार आहे.

नाताळची सुट्टी लागली. आगगाडीत धक्के बसतील म्हणून मालकानं कॅमेरा ठेवून जायचं ठरवलं. जाण्याआधी त्यानं बॅगेतून तळहाताएवढा लाकडी छापा काढला. खळ्यावरच्या छाप्याचा लहान भाऊ. घरून करवून आणला होता.

"जा, चुलीतली राख आन. चाळून आन."

मी आणली. चाळून आणली. त्यानं पेटीच्या झाकणाच्या कडेवर, कुलपावर, सगळीकडे छापे उठवले. मी उंबऱ्याबाहेर उभा राहून पाहत होतो. बापाचं उत्तर आठवलं. या वेळी हसू आलं नाही.

छात्रालय रिकामं झालं. स्वयंपाकीही गेला. मी एकटा. छपरीत विटा मांडून भात शिजवायचा, वाचायचं, दार उघडून पाहायचं. दिवसभर तोंडातून शब्द निघायचा नाही. एकदा कडुनिंबावरच्या कावळ्याला मोठ्यानं 'काय रे' म्हटलं आणि स्वतःच्या आवाजानं दचकलो.

पाचव्या दिवशी दुपारी गारा आल्या. बोराएवढ्या. छपरावरचे कवेलू फुटल्याचे आवाज आले. मी दार उघडलं. खोलीचं छत तीन ठिकाणी गळत होतं. एक धार भिंतीवरून उतरून खाटेखाली शिरली होती. पेटीवरचे छापे वाहून चालले होते. राखेचं पाणी जमिनीवर पसरत उंबऱ्यापर्यंत माझ्याकडे आलं.

मी किती वेळ उंबऱ्यात थांबलो, ते खोटं सांगणार नाही. बराच वेळ थांबलो. दोन वर्षांची सवय होती.

मग आत गेलो.

पेटी ओढली. तळात पाणी शिरलं होतं. कुलपाचा कोयंडा गंजलेला, दोन झटक्यांत निघाला. कॅमेऱ्याचं कातडी घर खालून ओलं झालं होतं. मी कॅमेरा काढला. पहिल्यांदाच हातात घेतला. वजन एखाद्या लहान बाळाएवढं. पुसायला मऊ कापड एकच होतं, बापाचं पागोटं. त्यानंच पुसला. माझ्या वाट्याचे तांदूळ तव्यावर भाजले, फडक्यात बांधून एका डब्यात खाली घातले आणि पागोट्यात गुंडाळलेला कॅमेरा वर ठेवला. आमच्याकडे बियाणं दमट होऊ नये म्हणून असंच करतात. दर दिवशी तांदूळ पुन्हा भाजायचो.

कॅमेऱ्याच्या मागच्या झाकणाला एक खिट्टी होती. माझं बोट तिच्यावर गेलं. मी बोट मागे घेतलं. उजेड लागला की चित्र जातं, हे मला ठाऊक होतं. अंधारात होता तोवरच बाप होता.

सुट्टी संपली. मालक आला, सोबत दिवाणजी. मी सगळं सांगितलं, डबा पुढे ठेवला. मालकानं कॅमेऱ्याची पुढची घडी उघडझाप करून पाहिली. भाता ठीक. काच स्वच्छ. त्याच्या तोंडावर बरं वाटल्यासारखं काही आलं.

दिवाणजी मात्र पेटीकडे पाहत होते. "छापा कुठं आहे?"

"पाण्यानं गेला."

"अन् हे कोनी काढलं?"

"मी."

"हातानं?"

"नाही तं का पायानं काढन?" मागून एक मुलगा म्हणाला.

दिवाणजी हसले नाहीत. "या कॅमेऱ्यानं ताईच्या लग्नात देवघराचे फोटो काढाचे आहेत, मालक. असा कसा चालन?"

त्यानंतर ते अंगण, तो पाट.

दिवाणजींना खिट्टी ठाऊक नव्हती. मालकाला ठाऊक होती. मी ओरडलो तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याला सगळं आठवत होतं, हे मला त्याच्या डोळ्यांत दिसलं.

"फिलम जाईन," तो हळूच म्हणाला.

"फिलम दुसरी मिळते," दिवाणजी म्हणाले.

खिट्टी त्यानंच काढली. स्वतःच्या हातानं. गुंडाळी बाहेर ओढली. कागदाची लांब पट्टी उलगडत उन्हात खाली आली. दिवाणजींनी आत पान झटकलं. दोनदा, तीनदा, मग वाटीच ओतली. कोणीतरी टाळी वाजवली.

बाप दुसऱ्यांदा गेला. या वेळी मी हजर होतो.

आठ दिवसांत कॅमेऱ्याची कळ चिकटली. दाबली तर उठेना. सुपरिंटेंडंट मास्तरांनी मला ऑफिसात बोलावलं. दाराबाहेर उभं केलं. कागद आणि दौत उंबऱ्यावर सरकवली.

"लिही. परवानगीशिवाय हात लावला, म्हणून यंत्र बिघडलं. क्षमा असावी. एवढं लिहून दे, परीक्षेपर्यंत छपरीत राहा. नाहीतर आज बिछाना उचल."

मॅट्रिकची परीक्षा दोन महिन्यांवर होती. मी खाली बसलो आणि लिहिलं. अक्षर चांगलं काढलं.

'मी हात लावला, म्हणून यंत्र कोरडं राहिलं. तुम्ही ते शुद्ध केलं, म्हणून बिघडलं. त्यात माझ्या बापाचं चित्र होतं. ते तुमच्यासमोर नष्ट झालं.' खाली सही.

मग उंबरा ओलांडून आत गेलो. कागद टेबलावर ठेवला. खोलीची किल्ली द्यायची झाली की मी ती जमिनीवर ठेवायची आणि त्यांनी नंतर उचलायची, अशी रीत होती. ती मी टेबलावर ठेवली. त्यांच्या हाताला लागेल इतक्या जवळ. त्यांनी हात मागे घेतला.

गोंदियात बिडी वळणाऱ्या एका घरानं मला ओसरी दिली. तिथून परीक्षा दिली. निकाल लागला त्या महिन्यात मालगुजारांचा निरोप आला. गावची कोतवाली रिकामी आहे, बापाची काठी आणि पट्टा न्यायला ये. मी उत्तर पाठवलं नाही.

या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. बापाचा चेहरा आता मला नीट आठवत नाही. पागोटं आठवतं, काठी आठवते, वर उचललेले डोळे आठवतात. मधलं पुसत चाललं आहे. मी ते कल्पनेनं भरून काढत नाही. ते कोणी पुसलं, हे मला माहीत आहे आणि तेवढं मी विसरू देणार नाही.

आता सगळे सांगतात, स्वराज्य येऊन राहिलं आहे, त्याची राखण आपण सर्वांनी करायची आहे. येऊ दे. पण त्या राशीवरही राखेचा छापा उठवून मला काठी देऊन बाहेर बसवणार असतील, तर मी बसणार नाही. त्यांच्यासाठी राखही चाळणार नाही.

आधी हात लावीन. राखायचं की नाही, ते मग ठरवीन.