ज्या देवळात मरायला मनाई होती

डॉक्टर टिपणीस गेले त्याला पाच आठवडे झाले. इथे कुवेतमध्ये, सबाह अल-सालेम भागात एकाच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. फोटोला हार घातला होता, चहा होता, चहाबरोबर सामोसेही होते. एकेक जण उठून डॉक्टरांच्या हाताला काय गुण होता ते सांगत होता. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, तसं सगळं चाललं होतं. यातली निम्मी माणसं आमच्याच बिल्डिंगमधली, गेली सहा-सात वर्षं डॉक्टरांच्या मजल्यावरून नाकाला रुमाल लावून जाणारी. मलाही बोलायला लावलं. मी उठलो आणि ‘देवमाणूस होते’ म्हणून खाली बसलो. घरी येईपर्यंत माझीच मला किळस येत होती. म्हणून हे लिहितोय.

मी एक्स-रे टेक्निशियन, मूळचा नाशिकचा. शहात्तर साली कुवेतला एका खाजगी दवाखान्यात लागलो, तेव्हा डॉक्टर तिथे आधीपासून होते. विधुर माणूस, पुण्याचा. फिंतास भागात एकाच बिल्डिंगमध्ये ते चौथ्या मजल्यावर राहायचे, आम्ही तिसऱ्या. कधी एखाद्या शुक्रवारी लाँचने आम्हाला फैलाका बेटावर घेऊन जायचे. तिथे ग्रीकांच्या जुन्या देवळाचे दगड आहेत. आम्ही डबे उघडायचो आणि यांचं सुरू व्हायचं… ग्रीकांचा एक वैद्यदेव होता, अस्क्लेपिअस. रोग्याने अंघोळ करायची, त्याच्या देवळाच्या पडवीत झोपायचं, मग देव स्वप्नात येऊन औषध सांगणार. देवळात साप मोकळे फिरायचे. बरा झालेला माणूस मातीचा हात, मातीचा पाय करून वाहायचा. तिकडे फ्रान्समध्ये केल्ट लोक नदीच्या उगमाशी लाकडाचे अवयव नेऊन टाकायचे, कारण ती नदीच त्यांची देवी. “म्हणजे आपण देवीला चांदीचे डोळे वाहतो तसंच की,” माझी बायको एकदा म्हणाली. “अगदी तसंच, वहिनी,” डॉक्टर म्हणाले आणि इतके खूश झाले की परतताना लाँचवर आम्हाला तेच पुन्हा एकदा ऐकावं लागलं.

पुढे दोन-तीन वर्षांनी सरहद्दीकडच्या वफ्र्याच्या शेतावरून इब्राहिमला आमच्याकडे आणलं. रत्नागिरीकडचा, तिशीच्या आतला, काचेच्या शेडमध्ये फवारणी करणारा. पोटात पाणी झालेलं आणि पायाच्या जखमा अशा, की मी एक्स-रे काढताना श्वास धरून काढला. हा वाचत नाही हे सगळ्यांना दिसत होतं. दवाखान्याच्या मॅनेजरने स्वच्छ सांगितलं, “इथे मयत नको. नाव खराब होतं.” इब्राहिमच्या कफीलने, म्हणजे त्याला कामावर आणणाऱ्या मालकाने, मुंबईचं तिकीट पाठवलं. आता फक्त हा प्रवास करू शकतो, एवढी एक सही हवी होती. तो कागद डॉक्टरांकडे मीच नेला. इब्राहिम कॉटवरून म्हणाला, “डॉक्टरसाहेब, नका धाडू. आईला असा दिसायला नको मी. इथंच काय व्हायचं ते होऊ दे.” डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. “माणूस आपल्या माणसांत गेलेला बरा,” मी म्हणालो. डॉक्टरांनी सही केली. इब्राहिम मुंबईला उतरलाच नाही, विमानातच गेला.

त्यानंतर महिन्याभराने डॉक्टर एक पुस्तक घेऊन माझ्या दारात आले. आत यायला तयार नव्हते. “कुलकर्णी, हे वाच. या अस्क्लेपिअसच्या आवारात मरायला मनाई होती. बाळंतिणीलाही मज्जाव. मरायला टेकलेल्याला बाहेर काढायचे आणि वर भिंतीवर बऱ्या झालेल्यांची नावं कोरायचे. शी! आणि मी वीस वर्षं याचे गोडवे गातोय.” मी म्हटलं, “जुन्या काळच्या गोष्टी, डॉक्टर.” ते म्हणाले, “जुन्या कुठल्या? गेल्या महिन्यातली आहे.” मला त्यांचा रागच आला. सही त्यांची होती, मग मला कशाला ऐकवायचं?

पुन्हा काही ते फैलाकाला गेले नाहीत. दिवाणखान्यातला सोफा काढून त्यांनी तिथे लोखंडी कॉट टाकली. ज्यांना दवाखाने घरी पाठवतात आणि ज्यांना इथे घर नाही, अशांना ते आणू लागले. सहा-सात वर्षांत पाच जण आले आणि पाचही जण तिथेच गेले. त्यांचं ओलं-कोरडं डॉक्टर स्वतः करायचे, नंतरच्या कागदपत्रांसाठीही तेच हेलपाटे घालायचे. बिल्डिंगमध्ये वास सुटायचा. माझी बायको जिन्यात डेटॉल शिंपडायची. मुलगा म्हणायचा, “बाबा, इट स्टिंक्स.” डॉक्टरांना जेवायला बोलवणं हळूहळू सगळ्यांनीच बंद केलं. एकदा मी वर जाऊन सांगितलं, “डॉक्टर, खाली लेकरंबाळं राहतात.” त्यांनी चहा केला. कॉटवर एक म्हातारा आंध्रवाला कण्हत होता. मी कप हातात धरून बसलो आणि तसाच भरलेला खाली ठेवून उठलो. त्यांनी तो पाहिला.

या वर्षी त्यांच्याच जबड्यात कॅन्सर निघाला. ऑपरेशनच्या पलीकडचा. हॉस्पिटल नको म्हणाले आणि त्याच कॉटवर आडवे झाले. एक मल्याळी सिस्टर सकाळी येऊन ड्रेसिंग करून जायची, बाकी दिवसभर एकटे. एका दुपारी त्यांचा फोन आला. शब्द नीट फुटत नव्हते, पण कळलं. “वर ये रे. बस जरा वेळ.”

गेलो. दार उघडंच होतं. वास असा, की पाय आत पडेना. गाल फाटलेला, त्यावर कापूस… डॉक्टर दाराकडेच बघत होते. कॉटशेजारी त्यांनी खुर्ची ओढून ठेवली होती, कशी ओढली असेल देव जाणे. “आत ये,” ते म्हणाले. मी उंबऱ्यावरूनच म्हटलं, “ड्यूटी आहे, डॉक्टर. उद्या येतो.” शुक्रवार होता. दवाखाना बंद असतो हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं.

“बरं,” ते म्हणाले. “जाताना दार ओढून घे. खाली वास जातो.”

मी दार ओढून घेतलं. नीट लागलं की नाही, तेही एकदा ढकलून पाहिलं.