धुतलेली गोधडी

तपासणीला साहेब येणार म्हणून मी वसतिगृहातल्या सगळ्या गोधड्या धुऊन काढल्या. त्याही एकट्यानं, कारण कौतुकात वाटेकरी नको होता. आमचं वसतिगृह म्हणजे शाळेच्या दोन खोल्या. आईबाप ऊसतोडीला गेले की त्यांची पोरं इथं राहतात. मी अधीक्षक, बायको स्वयंपाकाला.

पहिलीतल्या एका पोरीनं घरून आणलेली आपली गोधडी वाळल्यावर नाकाला लावली आणि बाजूला ढकलून दिली. मग ती ना धड जेवली, ना बोलली. दुसऱ्या दिवशी मी तिलाच साहेबांपुढं उभं केलं. "बघा साहेब, किती शांत लेकरू आहे. आईचं नावसुद्धा काढत नाही." साहेब खूश, मी त्याहून खूश.

साहेब गेले तरी पोरीचं ताट तसंच परत येत राहिलं. बायकोनं विचारलं, "ती गोधडी तिच्या आईच्या साडीची व्हती. कशापायी धुतली?"

"लई मळली व्हती."

"मळली न्हाई, तिला आईचा वास व्हता."

मग तिनंच पोरीच्या आईला फोन लावला. गावाकडं येणाऱ्या ट्रकवाल्याबरोबर आईनं अंगावरची साडी पाठवली, न धुतलेली, उसाच्या पाचटाची कुसळं तशीच अडकलेली. पोरीनं तिच्यात तोंड खुपसलं आणि असा टाहो फोडला की मी घाबरून पाणी आणायला पळालो. आणलं तेही बादलीभर.

बायकोनं पोरीला मांडीवर घेतलं, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "रडाया लागली, आता जेवंल बी. तुमी तेवढी बादली घेऊन लांब उभे ऱ्हा."